प्लेअरचा आवाज पूर्ण, तरी एसटीत ऐकू येईना : २५० ओहमच्या हेडफोनचं काय करावं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. बटणांचा छोटा प्लेअर वापरायलो. मेमरी कार्ड बसतं, ब्लूटूथ आहे, ३.५ मिमीचा जॅक आहे. ऐकायचं म्हणजे शास्त्रीय गायन, भजनं, एकनाथांची भारुडं आणि कॅसेटवरून उतरवून घेतलेली कीर्तनं. बहुतेक फायली ३२० केबीपीएसच्या एमपी३, थोड्या फ्लॅक. ऐकायच्या जागा दोनच : लातूर-पुणे एसटी आणि रात्री घर.

अडचणी दोन आहेत.

पहिली : हेडफोन बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमवाला. घरी आवाज पुरतो. एसटीत प्लेअर शेवटच्या काडीपर्यंत नेला तरी विलंबित ख्यालातला आलाप इंजिनाच्या घरघरीत बुडून जातो. अँप्लिफायर घ्यावा, की कमी ओहमचा दुसरा हेडफोन?

दुसरी : माइकवाला एक साधा इअरफोन आहे. मोबाईलला तो नीट चालतो. प्लेअरला लावला की गायकाचा आवाजच गायब, मागं तानपुरा आणि घुमल्यासारखा तबला तेवढा येतो. कॅसेटवरच्या कीर्तनात तर जवळपास शांतताच. फाइल खराब म्हणावी तर तीच फाइल त्याच प्लेअरवर हेडफोनमधून बरोबर वाजायली.

बजेट तीन हजारांपर्यंत. दुकानदार म्हणतोय नॉइज कॅन्सलिंगवालाच (बाहेरचा गोंगाट उलट आवाजानं मारणारा) घ्या. घ्यावा का?

दुधना (जालना)

पहिल्या अडचणीचं उत्तर आकडेमोडीत आहे. नुसते ओहम बघून हेडफोन ठरवू नका. तीन आकडे लागतात : प्लेअर जास्तीत जास्त किती व्होल्ट देतो, हेडफोन किती ओहमचा (म्हणजे विजेला किती अडवतो) आणि त्याची संवेदनशीलता किती (म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो).

तुमच्या हेडफोनची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. प्लेअर अर्धा व्होल्ट देतो असं धरू, छोटे प्लेअर त्याच्या आसपासच असतात. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम : ०.५ × ०.५ ÷ २५० = ०.००१ वॅट, म्हणजे बरोबर १ मिलिवॅट. आवाज ९६ डेसिबल. हा आकडा मोठा वाटतो, पण तो फाइलमधल्या सगळ्यात उंच टोकाचा आहे. गायनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी त्या टोकाच्या १५ ते २० डेसिबल खाली असते आणि आलापी त्याच्याही खाली. म्हणजे कानाला मिळतात ७५ ते ८० डेसिबल. बंद खोलीत एवढं भरपूर झालं. एसटीत इंजिनाजवळच्या सीटवर बाहेरचाच गोंगाट तेवढा असतो.

हाच हेडफोन ८० ओहमचा असता तर त्याच अर्ध्या व्होल्टवर ३.१ मिलिवॅट, म्हणजे १०१ डेसिबल. ३२ ओहमचा असता तर ७.८ मिलिवॅट, म्हणजे १०५.

खोक्यावरचे आकडे वाचताना एक फसगत नेहमी होते. काही कंपन्या संवेदनशीलता १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. दोन्हीची थेट तुलना होत नाही. १ मिलिवॅटला ९७ डेसिबलवाला ३२ ओहमचा हेडफोन १ व्होल्टला ११२ डेसिबल होतो. तेच ९७, पण ३०० ओहमचा असेल तर १ व्होल्टला १०२ च. प्लेअर व्होल्ट देतो, म्हणून तुलना व्होल्टच्या आकड्यानं करावी.

आता अँप्लिफायर. व्होल्ट दुप्पट झाले की ६ डेसिबल वाढतात. १ व्होल्ट मिळाला तर तुम्ही १०२ वर जाल, २ व्होल्टवर १०८. एसटीत ऐकू येईल, पण गोंगाटाच्या वर आवाज चढवून. लातूर-पुणे म्हणजे सात-आठ तासांचा रस्ता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. एका फेरीतच ती मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून अँप्लिफायरवर पैसे घालू नका. २५० ओहमवाला घरी राहू द्या, तिथं तो उत्तम आहे. एसटीसाठी बाहेरचा आवाज अडवणारं काहीतरी घ्या.

मोबाईलच्या टाइप-सीत लावायचा डोंगल (हेडफोनचा जॅक देणारा छोटा जोड) प्लेअरला लावायचा विचार असेल तर तोही सोडा. बटणांच्या प्लेअरचा यूएसबी फक्त चार्जिंगला आणि फायली भरायला असतो, तो डोंगलला ओळखत नाही. मोबाईलवरच ऐकणार असाल तर गोष्ट वेगळी. ॲपलचा टाइप-सी डोंगल १ व्होल्ट देतो (युरोपात विकतात तो अर्धाच). मात्र अँड्रॉइडवर त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही, म्हणून तो कमी वाजतो. डोंगलचा ताबा थेट घेणारं संगीताचं ॲप वापरलं तरच पूर्ण आवाज येतो.

आणि सगळ्याच्या आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम लिमिट किंवा प्रदेश असं काही आहे का बघा. सॅनडिस्कच्या जुन्या क्लिप प्लेअरमध्ये सुरुवातीला प्रदेश विचारत. युरोप निवडलं की तिथल्या नियमाप्रमाणे आवाज दाबला जायचा. तुमच्यात तसं असेल तर फॅक्टरी रिसेट करून दुसरा प्रदेश निवडायचा.

गोदातीर (नांदेड)

दुसऱ्या अडचणीचं मी सांगते. इअरफोन चांगला आहे आणि प्लेअरही चांगला आहे. दोघांची पिन जुळत नाही, एवढंच.

करून बघा : इअरफोन प्लेअरला लावा, गाणं सुरू करा आणि माइकजवळचं कॉल उचलायचं बटण दाबून धरा. गायक परत आला तर निदान पक्कं.

कारण असं. साध्या हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात : टोक म्हणजे डावा, मधलं कडं म्हणजे उजवा, बुडखा म्हणजे ग्राउंड. माइकवाल्या पिनेला चार भाग असतात : टोक डावा, पहिलं कडं उजवा, दुसरं कडं ग्राउंड आणि बुडखा माइक. तुमच्या प्लेअरच्या जॅकमधली ग्राउंडची पत्ती तोंडाजवळ आहे, ती माइकच्या भागावर टेकते. ग्राउंडला रस्ताच उरत नाही. मग डावं आणि उजवं स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि त्यांतून फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा मिसळलेला असतो, म्हणून तो वजा होतो. तानपुऱ्याचा पसारा आणि तबल्याची घुमारी दोन्ही बाजूंना थोडी वेगळी असते, ती उरते. कॅसेटवरचं कीर्तन मोनो, दोन्हीकडे अगदी एकच, म्हणून तिथं काहीच उरत नाही. तुम्ही शांततेचं लिहिलंत त्यावरूनच हे ओळखता आलं. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड आतून जोडले जातात आणि रस्ता पुन्हा मिळतो.

पिन एक-दीड मिमी बाहेर ओढली तरी आवाज बरोबर येईल, पण एसटीच्या धक्क्यात ती तशी राहणार नाही. काडेपेटीची काडी किंवा रबरबँड घालून अडकवू नका, जॅकच्या पत्त्या सैल पडतात.

बटण दाबूनही गायक येत नसेल तर सांगा, मग वायर तुटलेली असण्याची शक्यता.

बालाघाट (बीड)

एसटीसाठी माझं मत स्पष्ट आहे : कानाच्या आत बसणारा वायरवाला इअरफोन, एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आतला पडद्याचा छोटा स्पीकर), १६ ते ३२ ओहम, मिलिवॅटला १०० ते ११० डेसिबल, वायर निघणारी आणि माइक नसलेली. हजार-दीड हजारात चांगला मिळतो. उरलेल्या पैशांतून रबर (कानात बसणारी टोकाची टोपी) घ्या, कारण निम्मं काम रबरच करतं.

एकच ड्रायव्हर का, तर त्याचा रोध (ओहमचा आकडा) सगळ्या सुरांवर जवळपास सारखा राहतो. तीन-चार बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या (दुसऱ्या जातीचे बारीक ड्रायव्हर असलेल्या) इअरफोनचा रोध एका सुराला ८ ओहम तर दुसऱ्याला ४० असा फिरू शकतो. प्लेअरचा स्वतःचा आउटपुट रोध १० ओहम असेल तर अशा इअरफोनमध्ये त्या दोन सुरांत ५ डेसिबलचा फरक पडतो. गळ्याचा पोतच बदलून जातो. प्लेअर १ ओहमचा असेल तर फरक १ डेसिबलच्याही आत. ढोबळ हिशोब असा की प्लेअरचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा.

रबर बसवायची पद्धत : उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. बरोबर बसला की स्वतःचं बोलणं मडक्यात बोलल्यासारखं घुमतं. आता जबडा हलवा. चावताना खर्ज कमी-जास्त झाला तर रबर लहान पडतंय. दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात, डावीकडे मध्यम आणि उजवीकडे मोठं लावायला काहीच हरकत नाही. हवा जरा जरी निसटली तरी खालचे सूर पळून जातात. मग लोक इक्वलायझरमध्ये बेस चढवतात, प्लेअरचा आवाज फाटायला लागतो आणि नाव इअरफोनचं बदनाम होतं.

फोमचं रबर सिलिकॉनपेक्षा जास्त आवाज अडवतं. चिमटीत दाबून बारीक करायचं, कानात घालायचं आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचं. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं आणि मळानं ते लवकर कडक होतं, काही महिन्यांत बदलावं लागतं. सिलिकॉन साबणाच्या पाण्यात धुऊन वर्षानुवर्षं चालतं.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल दुकानदार खोटं बोलत नाही. इंजिनाच्या सलग घरघरीवर ते खरंच चालतं, कारण त्याचा जोर खालच्या सुरांवर असतो. काचांची खडखड, हॉर्न आणि कंडक्टरची शिट्टी त्यानं फारशी थांबत नाही, तिथं रबरच लागतं. तीन हजारांत कॅन्सलिंगही मिळतं आणि आवाजही, पण दोन्ही मध्यम दर्जाचे. घेतलाच तर दुकानात एक गोष्ट तपासा : वायर लावून, बंद करून ऐका. बरेच हेडफोन बॅटरी संपली की वायरवर डब्यातून आल्यासारखे वाजतात, काही तर वाजतच नाहीत.

मोटारसायकलवर यातलं काहीही कानात घालू नका. मागचा ट्रक ऐकू आलाच पाहिजे.

मांजराकाठ (लातूर)

गोदातीर ताई, बटण दाबलं आणि गायक हजर. कीर्तनही ऐकू आलं. म्हणजे पिनच. आता हा इअरफोन प्लेअरसाठी कायमचा नीट करता येईल का? डाग द्यायला जमतं मला.

दुधना दादा, सेटिंगमध्ये प्रदेश वगैरे काही नाही. अर्धा व्होल्ट तुम्ही धरलात, पण माझा प्लेअर नक्की किती देतो हे घरी मोजता येईल का? आणि काही रेकॉर्डिंग इतकी बारीक आहेत की घरीसुद्धा पूर्ण आवाज लागायलाय.

गोदातीर (नांदेड)

दोन वाटा आहेत. सोपी : चार भागांच्या पिनेचं तीन भागांत रूपांतर करणारा छोटा जोड. दुकानात "माइकवाला इअरफोन साध्या जॅकला लावायचा कन्व्हर्टर" असं सांगून मागा आणि प्लेअर सोबत नेऊन तिथंच कीर्तन लावून तपासा. हेडफोन आणि माइक वेगळे करणारी दोन शेपटांची वायर मिळते तीही चालते, फक्त हेडफोनचं शेपूट वापरायचं.

दुसरी वाट पिन बदलायची. मग मोबाईलवर माइक चालणार नाही, हे आधी ठरवा. लागतं ते : तीन भागांची ३.५ मिमी पिन, २५ वॅटचा सोल्डर गन, ०.८ मिमीची रोजिनवाली सोल्डर वायर, बारीक श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), मल्टिमीटर.

जुनी पिन दोन सेंटिमीटर वायरीसकट कापा. नव्या पिनेचं टोपण आणि श्रिंक ट्यूब आधीच वायरीत ओवा. हे बहुतेक जण विसरतात आणि डाग दिल्यावर सगळं परत सोडवावं लागतं. आत केसासारख्या रंगीत तारा दिसतील : लाल म्हणजे उजवा, हिरवी किंवा निळी म्हणजे डावा, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. उरलेली एक माइकची. काही वायरींत तांब्याच्या रंगाच्या दोन असतात, तेव्हा रंगावर विसंबू नका, मीटर लावा. बरोबर जोडीत स्पीकरच्या ओहमच्या आसपास आकडा येतो, १६ ओहमच्या इअरफोनला साधारण १५-१६. तिथं ३०-३२ आला तर तुम्ही डाव्या-उजव्याच्या तारा धरल्यात, ग्राउंड सापडलेली नाही.

या तारांवर रंगाचा लॅकर असतो. तो घासून काढू नका, तार तुटते. गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात तीन-चार सेकंद बुडवा. लॅकर जळून तार चांदीसारखी चकाकली की झालं. धूर नाकात घेऊ नका. तारांमध्ये नायलॉनचे धागे गुंतलेले असतात, ते वेगळे काढून पिनेच्या पकडीला बांधा, म्हणजे ओढ डागावर येत नाही.

डाग देताना पिन एखाद्या निकामी जॅकमध्ये खोचून ठेवा. कड्यांमधलं प्लास्टिक उष्णतेनं मऊ पडून पिन वाकडी होण्याचा धोका टळतो. माइकची तार ट्यूब घालून वेगळी सोडून द्या, कशालाच जोडू नका. टोपण लावण्याआधी पुन्हा मीटर : टोक आणि बुडखा, मग कडं आणि बुडखा. दोन्हीकडे सारखाच आकडा हवा.

दुधना (जालना)

मोजता येतं. संगणकावर ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचा प्रोग्राम) जनरेटमधून टोन घ्या : साइन, ५० हर्ट्झ, उंची १, एक मिनिट. डब्ल्यूएव्ही म्हणून साठवून प्लेअरमध्ये टाका. ५० हर्ट्झ यासाठी की साधे मीटर त्याच्या आसपासच बरोबर मोजतात. इक्वलायझर बंद, आवाज पूर्ण. जॅकमध्ये मोकळी पिन खोचा, मीटर एसीवर ठेवून टोक आणि बुडखा यांच्यात मोजा. दोन-तीनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरला एसीत २०० व्होल्टच्या खाली रेंज नसते, त्यावर काही कळणार नाही. २ व्होल्ट किंवा मिलिव्होल्ट एसी रेंजवाला लागेल. हा टोन वाजताना हेडफोन कानात नको.

मोकळ्यावर ०.५० व्होल्ट आला समजा. आता टोक आणि बुडखा यांच्यामध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा मोजा. ०.४७ आला तर प्लेअरचा आउटपुट रोध = ३३ × (०.५० ÷ ०.४७ − १), म्हणजे साधारण २ ओहम. बालाघाट यांनी आठव्या हिश्शाचं सांगितलंय, त्यात १६ ओहमचा इअरफोन जेमतेम बसतो, ३२ चा आरामात.

हाच टोन इअरफोनचं रबर तपासायलाही कामी येतो, पण अगदी हळू आवाजात. दोन्ही कानांत गुणगुण सारखी भरली पाहिजे. एकीकडे बारीक असेल तर तिकडचं रबर मोठं घ्या. तरीही बारीकच राहिली तर जाळीत मळ अडकलाय. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झटका. सुई घालू नका, जाळी आत ढकलली जाते.

बारीक रेकॉर्डिंगचं काम एमपी३गेनवर (एमपी३चा आवाज वाढवणारा संगणकाचा प्रोग्राम) करा. तो फाइल पुन्हा एन्कोड करत नाही, आतला गेनचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायरीनं बदलतो आणि ते परतही फिरवता येतं. सुरुवातीचं लक्ष्य ८९ डेसिबल असतं. तुमच्यासाठी ९२ ठेवून विश्लेषण करा आणि क्लिपिंगच्या रकान्यात खूण येणाऱ्या फायली ८९ वरच राहू द्या, नाहीतर तार सप्तकात आवाज चिरतो. एकाच मैफलीच्या फायलींना अल्बम गेन (सगळ्यांना एकच वाढ) लावा, ट्रॅक गेन (प्रत्येकीला वेगळी) नको. ट्रॅक गेननं विलंबित आणि द्रुत एकाच उंचीचे होतात आणि मैफलीचा चढ मोडतो. फ्लॅकला हे चालत नाही. तिथं रिप्लेगेनचे टॅग (फाइलमधली आवाज-पातळीची नोंद) असतात, पण बटणांचे बहुतेक प्लेअर ते वाचत नाहीत.

बालाघाट (बीड)

एक राहिलं. वायर निघणारा इअरफोन घेतलात तर दोन टोचांची ०.७८ मिमीची वायर लावताना दोन्ही बाजूंची दिशा सारखी ठेवा. एक बाजू उलटी बसली तर दोन्ही कान जोरात वाजतात, पण खर्ज पातळ पडतो आणि गायक मधोमध न राहता डोक्यात पसरतो. मोनो कीर्तन लावून बघा : बरोबर असेल तर आवाज दोन कानांच्या मधोमध एका ठिकाणी उभा राहतो.

आणि एप्रिल-मेमध्ये प्लेअर एसटीच्या खिडकीत उन्हात ठेवू नका, तापलेला असताना चार्जिंगलाही लावू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि दुपारी काचेमागं तेवढं सहज होतं.

मांजराकाठ (लातूर)

दादा, मीटर मित्राकडं आहे, रविवारी मोजून आकडे इथंच टाकतो. पिन बदलत नाही, कन्व्हर्टरच घेतो, कारण मोबाईलवर माइक लागतो. कन्व्हर्टर जॅकमधून दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर येईल, खिशात वाकून जॅकवर ताण येणार नाही का?

गोदातीर (नांदेड)

येतो. म्हणून सरळ ठोकळ्याचा न घेता दहा-बारा सेंटिमीटर वायर असलेला घ्या, प्लेअरकडची पिन काटकोनी असेल तर उत्तम. खिशात प्लेअर जॅकची बाजू वर करून ठेवा.